आवाज मोठा की स्पष्ट?

आम्ही राणीसावरगावची माणसे. घरात लग्न निघाले, मशिदीत नवी मशीन बसवायची ठरली किंवा अब्बांना तिलावत ऐकायला लहानसा स्पीकर हवा झाला, की गंगाखेडला नाही तर परभणीला जायचे. दुकानात आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कित्ते वॅट का है?" दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवतो, आपण खिशाचा अंदाज घेतो आणि पैशात बसेल तो सर्वांत मोठा आकडा घरी आणतो. आवाज मोठा निघतोही. पण अर्धा तास बयान ऐकले की डोके दुखू लागते. शेवटच्या सफमध्ये बसलेले बुजुर्ग शेजारच्याला विचारतात, "मौलाना काय म्हणाले?" घरी बसून ऐकणाऱ्या माता-भगिनींपर्यंत सूर पोहोचतो, शब्द पोहोचत नाहीत.

आकडा मोठा असूनही समाधान का नाही? या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी गेली सव्वाशे वर्षे काम केले आहे. त्यांचा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. स्पीकर नीट मोजला, तर तो कानाला कसा वाटेल हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते. मात्र आपण जे दोन आकडे विचारतो, वॅट आणि डेसिबल, त्यांतून ते कळत नाही. मशिदीच्या कमिटीत असणाऱ्या बांधवांनी आणि घरासाठी खरेदी करणाऱ्या भगिनींनी हा विषय थोडा समजून घेतला, तर पैसाही वाचेल आणि शेजाऱ्यांशी वादही टळेल.

वॅट म्हणजे आवाज नव्हे

वॅट म्हणजे स्पीकरला दिलेली किंवा त्याला झेपणारी विजेची ताकद. त्यातून आवाज किती निघेल ही वेगळी गोष्ट. बल्बचे उदाहरण घ्या. जुना पिवळा बल्ब 60 वॅटचा असे, आज 9 वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. स्पीकरचेही तसेच आहे. 1 वॅट दिल्यावर 1 मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, त्याला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. एका स्पीकरचा हा आकडा 84 आणि दुसऱ्याचा 90 असेल, तर पहिल्याला दुसऱ्याइतका आवाज काढण्यासाठी चौपट वॅट द्यावे लागतात.

दुसरी गोष्ट, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला साधारण दुप्पट वाटायला 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. 100 वॅटऐवजी 200 वॅटचा संच आणणाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो. आणि स्वस्त खोक्यांवर 'पीएमपीओ' असे लिहून जे हजारो वॅट छापलेले असतात, ते क्षणभराच्या कल्पित ताकदीचे असतात. त्यांच्याकडे लक्षच देऊ नये. 'आरएमएस' म्हणून दिलेला आकडा तेवढा विचारात घ्यावा.

मिनारावरचा कर्णा, ज्याला हल्ली सर्रास भोंगा म्हणतात, तो थोड्या वॅटमध्ये इतका ओरडतो तो याच कारणाने. त्याची संवेदनशीलता 105 डेसिबलच्या पुढे असते. लाकडी पेटीचा साधा स्पीकर 88 च्या आसपास असतो. म्हणून 30 वॅटचा कर्णा 200 वॅटच्या पेटीला सहज मागे टाकतो. पण मोठेपणात पुढे गेलेला कर्णा गोडव्यातही पुढे असतो का? नसतो, हे आपले कानच सांगतात.

मीटरला काय ऐकू येते

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 हे आज देशभर लागू आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात 65 आणि 55, शांतता क्षेत्रात 50 आणि 40 अशा मर्यादा त्यात आहेत. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलहून जास्त किंवा 75 डेसिबलहून जास्त, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी भागात दिवसा 65. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर तो वाजवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात याच नियमांना बळ दिले. 23 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हटले आणि यंत्रातच आवाजाची मर्यादा बांधून देण्याचा विचार करायला सरकारला सांगितले.

कायद्याला एक आकडा लागतो, ते बरोबरच आहे. आकड्याशिवाय मर्यादा घालणार कशी? पण हा आकडा कसा निघतो तेही आपल्याला ठाऊक हवे. माणसाचा कान सगळे सूर सारखे ऐकत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवले. 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण तान्ह्या बाळाच्या रडण्याचा जो टोकदार भाग तिथे, कान सर्वांत तीक्ष्ण असतो. खालच्या घुमणाऱ्या सुरांना तो मंद असतो. म्हणून मीटरमध्ये 'ए' नावाची चाळणी असते. ती 100 हर्ट्झच्या सुराचे 19 आणि 50 हर्ट्झच्या सुराचे 30 डेसिबल वजा करून आकडा दाखवते.

वरातीतल्या डीजेचा अनुभव इथे आठवावा. छातीत धडधडते, तावदाने थरथरतात, तान्हे मूल दचकून उठते. हा सगळा खालच्या सुरांचा मार. या चाळणीत त्याचाच बराच भाग गळून जातो. उलट कर्ण्यातून खालचे सूर जवळपास निघतच नाहीत, मधल्या पट्ट्यात मात्र तो उसळी मारतो आणि नेमका तिथेच कान तीक्ष्ण. दोन्ही ठिकाणी मीटर 70 दाखवील, पण एक 70 छातीत बसतो आणि दुसरा कानात टोचतो. सुरेल मुअज्जिनच्या स्वच्छ अजानचेही 70 असू शकतात. मीटर आवाजाची मात्रा सांगतो, जात सांगत नाही.

पडद्यामागची परीक्षा

मग जात कशी मोजायची? कॅनडातील ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल नावाच्या शास्त्रज्ञाने हे काम हाती घेतले आणि 1985-86 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पीकर पडद्यामागे ठेवायचे, सर्वांचा आवाज सारखा मोठा करायचा आणि ऐकणाऱ्यांना नाव, किंमत, आकार काहीही न सांगता गुण द्यायला लावायचे, अशी ही पद्धत. आवाज सारखा करणे फार महत्त्वाचे आहे, कारण जो स्पीकर थोडा मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो. दुकानदार हे पक्के ओळखून असतो.

या परीक्षेत नवल असे दिसले, की "पसंद अपनी अपनी" हे खरे नाही. ज्यांची श्रवणशक्ती चांगली होती, ते बहुतेक एकाच स्पीकरला चांगले म्हणत होते. ज्यांची श्रवणशक्ती कमी झालेली होती, त्यांचे गुण मात्र दर वेळी बदलत होते. पुढे टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये दाखवले, की पडदा काढून स्पीकर समोर दिसू लागले की त्याच माणसांचे गुण बदलतात. मोठी पेटी आणि भारी नाव दिसले की कानाआधी डोळे निकाल देतात.

पसंतीला उतरलेल्या स्पीकरांत एक गोष्ट समान होती. ते सर्व सूर समान ताकदीने देत होते, मध्येच कुठला सूर उसळत नव्हता की बुडत नव्हता. शिवाय हे समोरच नव्हे, बाजूलाही तसेच राहत होते. खोलीत आपण स्पीकरचा थेट आवाज ऐकतो, तसाच भिंती, छत आणि फरशीवरून उलटून आलेलाही ऐकतो. समोर चांगला पण बाजूला बिघडलेला स्पीकर खोलीत खराबच वाटतो. म्हणून आज स्पीकर आडवा आणि उभा दर 10 अंशांनी फिरवून 70 दिशांनी मोजण्याची पद्धत रूढ आहे. ऑलिव्ह यांनी 2004 मध्ये 70 स्पीकरांच्या अशा मोजमापांवरून श्रोते किती गुण देतील याचा हिशेब बसवला. हिशेबातले गुण आणि श्रोत्यांनी खरोखर दिलेले गुण यांचा मेळ 0.86 इतका जमला. पूर्ण मेळाला 1 धरतात, म्हणजे हा मेळ चांगलाच म्हणायचा.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? खोक्यावर '100 ते 18000 हर्ट्झ' असे लिहिलेले असते, ते पुरेसे नाही. त्या दोन टोकांच्या मध्ये सूर किती वर-खाली होतात, ते खरे मोजमाप. शेताला चारी बाजूंनी कुंपण आहे एवढे सांगून जमीन सपाट आहे की खाचखळग्यांची ते कळत नाही, तसेच हे.

हॉल बोलतो तेव्हा

घरातल्या स्पीकरपेक्षा मशिदीचा प्रश्न अवघड असतो, कारण तिथे वास्तूही बोलते. विजापूरचा गोल घुमट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुहम्मद आदिलशाहचा हा मकबरा, सुमारे 44 मीटर व्यासाचा घुमट. गॅलरीत एका बाजूला कुजबुजले तर दुसऱ्या बाजूला ऐकू येते, एक टाळी अनेकदा उलटून येते. मुले हरखून जातात. पण त्या घुमटाखाली कोणी तासभर बयान केले, तर एक वाक्य धड समजणार नाही. मागचा शब्द विरायच्या आत पुढचा येतो आणि दोन्हींचा चिखल होतो.

याचे गणित अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून मांडायला सुरुवात केली. त्यांच्याकडे एक व्याख्यान-दालन आले होते, ज्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबिन यांनी दुसऱ्या सभागृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत ठेवल्या आणि घुमणे किती कमी होते ते मोजले. मऊ वस्तू आवाज पितात, कठीण वस्तू तो परतवतात. त्यावरून त्यांनी सूत्र दिले.

तेच सूत्र आपल्याकडे लावून पाहू. 15 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 4 मीटर उंच असा हॉल धरा. गुळगुळीत फरशी, रंगवलेल्या भिंती, सिमेंटचे छत. हॉल रिकामा असेल तर कागदावर घुमण्याचा काळ 6 सेकंदांच्या पुढे जातो. फरशीभर जाड कार्पेट अंथरले तर तो अडीच सेकंदांच्या आत येतो. 100 नमाजी बसले की सव्वा सेकंदापर्यंत उतरतो. म्हणूनच जुम्याला भरलेल्या मशिदीत खुतबा बरा ऐकू येतो आणि इशाला दोनच सफ असतात तेव्हा त्याच मशीनवर शब्द घुमतात. मशीन तीच, स्पीकर तेच, वॅट तेच.

शब्द किती समजतो हेही मोजता येते. नेदरलँड्समधील हाउटगास्ट आणि स्टेनेकेन यांनी 1970 च्या दशकात त्यासाठी एक मोजपट्टी बनवली, ती आज आंतरराष्ट्रीय मानक आहे. ती 0 ते 1 अशी असते. 0.45 च्या खाली शब्द नीट समजत नाहीत, 0.60 च्या वर चांगले समजतात. यात एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बोलण्याचा आवाज पंख्यांच्या आणि रस्त्याच्या गोंगाटापेक्षा 15 डेसिबल वर गेला, की त्यापुढे तो वाढवून काहीही फायदा होत नाही. घुमणाऱ्या हॉलमध्ये आवाज वाढवला तर घुमणेही तितकेच वाढते. मागून "आवाज बढाओ" अशी हाक आली, की आपण बटण फिरवतो आणि मागच्यांना तरीही समजत नाही, त्याचे कारण हे.

वय झालेल्यांचा त्रास तर आणखी वेगळा. उतारवयात प्रथम वरचे सूर ऐकू येणे कमी होते. स, श, च, त, फ ही व्यंजने त्याच पट्ट्यात असतात. म्हणून दादीला आवाज येतो, शब्द कळत नाही. "ओरडून बोलू नको, साफ बोल," असे ती म्हणते, तेव्हा ती शास्त्राला धरूनच बोलत असते.

मशिदीत काय करता येईल

पहिले, आतला आणि बाहेरचा आवाज वेगळा ठेवावा. बयान आणि खुतबा आत बसलेल्यांसाठी असतो, त्याला मिनारावरच्या कर्ण्याची गरज नाही. आतल्या नमाजींसाठी कर्णा वापरूच नये.

दुसरे, एका कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरऐवजी लहान स्पीकर थोड्या थोड्या अंतरावर, कमी आवाजात लावावेत. उभा लांबट 'कॉलम' स्पीकर चांगला, कारण तो आवाज छताकडे न उधळता बसलेल्या माणसांकडे पाठवतो. स्त्रियांच्या भागात स्वतंत्र लहान स्पीकर लावावा. भिंतीपलीकडून झिरपणाऱ्या आवाजावर त्यांना सोडू नये.

तिसरे, अंतराचे भान ठेवावे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो. दोन स्पीकरांचा आवाज एखाद्या माणसापर्यंत 17 मीटरपेक्षा जास्त फरकाने आला, तर दुसरा 50 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि बोलण्याला प्रतिध्वनीसारखा अडथळा करू लागतो.

चौथे, मशीनवरचे 'इको'चे बटण बंद ठेवावे. अनेक ठिकाणी अजान भारदस्त वाटावी म्हणून ते चढवलेले असते. जे घुमणे कमी करण्यासाठी आपण कार्पेटवर पैसे खर्च करतो, तेच या बटणाने विकत घेतो. मशीनही शेवटच्या टोकापर्यंत चढवू नये, तिथे आवाज फाटतो.

पाचवे, कार्पेट, जाड पडदे, शक्य असेल तर मागच्या भिंतीवर आवाज पिणारे फलक. हा खर्च एकदाच होतो आणि नव्या मशीनपेक्षा जास्त गुण देतो.

आणि अजान? कागदावर हिशेब करून पाहू. 106 डेसिबल संवेदनशीलतेच्या कर्ण्याला वॅटचा तिसरा हिस्सा दिला, तर मोकळ्यावर समोर 64 मीटरवर सुमारे 65 डेसिबल भरतात. कारण अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल घटतात. मर्यादा तर हद्दीवर मोजतात, म्हणजे त्याहून जवळ. तेव्हा कायद्यात राहून अजान द्यायची तर 100 वॅटच्या मशीनचे कामच काय? चांगला माईक, न फाटणारा आवाज आणि सुरेल मुअज्जिन यांवर तोच पैसा लावावा. फजरची वेळ आपल्याकडे बाराही महिने सकाळी 6 च्या आत सुरू होते, त्या वेळी उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंदच ठेवावा लागतो. मुंबईत 2025 मध्ये काही मशिदींनी त्यासाठी मोबाईलवर अजान ऐकवणारे ॲप सुरू केले. ज्याला ऐकायची आहे, त्याच्या उशाशी ती स्वच्छ पोहोचते आणि आजारी शेजाऱ्याची झोप मोडत नाही.

विनाखर्चाची चाचणी

ही चाचणी कोणीही करू शकतो. पाणी, राणी, वाणी, नाणी. काल, गाल, चाल, ताल, साल असे सारखे वाटणारे 25 शब्द कागदावर लिहावेत. एकाने ते माईकवरून सावकाश, उलटसुलट क्रमाने वाचावेत. पहिल्या सफमध्ये, शेवटच्या सफमध्ये, कोपऱ्यात आणि स्त्रियांच्या भागात बसलेल्यांनी ऐकले तसे लिहून घ्यावेत. लिहिणाऱ्यांत एक तरी साठीच्या पुढचे असावे. कोणत्या जागी किती शब्द चुकले ते मोजले, की दुरुस्ती कुठे हवी ते कळते. बदल केल्यावर पुन्हा तीच चाचणी घ्यावी. मोबाईलवरचे मीटर अचूक नसते, पण आधीचा आणि नंतरचा आवाज ताडून पाहायला चालते.

घरासाठी स्पीकर घेताना आपल्या ओळखीची तिलावत किंवा बातम्या मोबाईलवर सोबत न्याव्यात. दोन स्पीकर सारख्या आवाजात वाजवायला सांगावे, डोळे मिटून ऐकावे, मग बाजूला दोन पावले सरकून पुन्हा ऐकावे. बाजूलाही आवाज तसाच राहिला तर स्पीकर बरा. त्याच्याजवळ उभे राहून एकमेकांशी न ओरडता बोलता येते का तेही पाहावे. घरी आणल्यावर तो कोपऱ्यात कोंबू नये, कोपऱ्यात खालचे सूर फुगतात आणि बोलणे दबते. टेबलावर, कानाच्या उंचीला, भिंतीपासून थोडा पुढे ठेवावा.

हजरत बिलाल (रजि.) यांना अजान देण्यास सांगितले गेले, ते त्यांचा आवाज अधिक चांगला आणि दूर जाणारा होता म्हणून, असे हदीसमध्ये आले आहे. निवड आवाजाच्या गुणावर झाली होती. आपल्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत नव्या मशीनचा विषय निघाला, तर वॅटच्या आधी 25 शब्दांचा कागद पुढे ठेवा. शेवटच्या सफमधल्या बुजुर्गांनी आणि पडद्यापलीकडच्या भगिनींनी त्यातले किती शब्द बरोबर लिहिले, ते पाहून मग बाजारात जा. इन्शाअल्लाह, खर्च निम्म्यावर येईल.